कारण नावाचा रकाना

या शहरात कुणी 'केम छो' विचारलं
की उत्तर आधीच ठरलेलं असतं: मजामां.
ताप असो, हप्ता थकलेला असो, घरात अबोला असो,
मजामां.
किरीटभाई अकरा वर्षं मला हेच म्हणाले,
सकाळी आठ पाचला, हजेरीच्या खिडकीशी,
आणि मी अकरा वर्षं ते खरं धरून
आत जाऊन पंखा लावला.

मकरपुऱ्यात आमचं छोटं युनिट.
ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळतो आम्ही.
तांब्याची तार, केसाहून थोडी जाड,
अठराशे चाळीस वेढे,
एक कमी नको, एक जास्त नको.
मोजायला मशीनवर काटा आहे,
पण किरीटभाई काट्याकडे बघत नसत.
आकडे त्यांच्या ओठांवर चालत
जपासारखे.

मार्चमध्ये तीन कॉइल परत आल्या.
रुखसानाने टेस्टिंगच्या टेबलावरून
नुसती मान हलवली.
मी मेमो लिहिला. माझंच अक्षर:
'कामात निष्काळजीपणा. पुन्हा आढळल्यास...'
ती तीन टिंबं मी फार ठासून दिली होती.
त्यांनी सही केली.
"मजामां छुं, बेन. चुकून झालं."

विश्वामित्रीच्या पुलावरून मी रोज येते.
पाणी शेवाळी, स्वस्थ.
खाली मगरी आहेत हे इथल्या पोरासोरांना ठाऊक,
तरी पुलावर कुणी गाडी हळू करत नाही.

एप्रिलात एकदा दुपारी लाइट गेली.
सगळे बाहेर, कडुनिंबाखाली. ते मशीनपाशीच.
मी टॉर्च घेऊन गेले
तर रिकाम्या रिळावर हात फिरत होता
आणि ओठांवर
चारशे बारा, चारशे बारा, चारशे बारा.
पुढचा आकडा येत नव्हता.
"कधीपासून?"
"झोप नाही, बेन. दिवाळीपासून."
मी मनात त्यांच्या ओव्हरटाइमचे तास मोजू लागले
आणि मलाही पुढचा आकडा येईना.

मी काही थोर केलं नाही.
भिंतीवर हसऱ्या चेहऱ्याचं पोस्टर लावू, पुतण्या म्हणाला.
नको म्हटलं.
सहा आठवडे त्यांना पगारी घरी पाठवलं,
त्यांच्या खुर्चीवर कुणाला बसवलं नाही;
तिच्यावर त्यांची चपटी उशी तशीच.
एक ऑर्डर हातची गेली. गेली.
डॉक्टरीणबाईंचं बिल कारखान्याच्या नावे यायचं,
पेशंटचं नाव त्यात नसायचं, तसंच ठरलं होतं.
संध्याकाळी सातनंतर माझा फोन कुणालाही जाणार नाही,
हे मात्र जड गेलं.
पहिल्याच आठवड्यात मी ते दोनदा मोडलं.

मग रजेच्या अर्जावरचा एक रकाना काढला: कारण.
दळवी, आमचे हिशेबनीस,
सत्तावीस वर्षं वह्यांत घालवलेला माणूस,
चष्म्यावरून बघत म्हणाले,
"मग लोक वाटेल ते करतील."
करू देत.
एकाने मॅच पाहिली, मला माहीत आहे.
एकीने म्हणे दिवसभर झोप काढली.
आणि तिसऱ्या महिन्यात
दळवींनीच एक अर्ज टेबलावर ठेवला.
एक दिवस. फक्त तारीख.
मी सही केली, वर पाहिलं नाही.
त्यांना तसंच हवं होतं, असं वाटलं.
चूकही असेल.

किरीटभाई परत आलेत, सध्या अर्धा दिवस.
आता काट्याकडे बघून मोजतात,
कधी रुखसानाला हाक मारून खात्री करून घेतात,
आणि ती हातातलं टाकून येते.

काल खिडकीशी मी नेहमीचंच विचारलं.
ते थांबले. चपलेतला खडा काढला.
"आजे मजा नथी, बेन,"
म्हणाले, आणि आत गेले.

मी पंखा न लावताच
त्यांच्या मागोमाग गेले.
एक स्टूल ओढलं.